हॉलीरूडच्या गॅलरीत पाऊण तास, आणि आपलं 'हे खरे आहे काय?'

लीथकर

एडिंबरोत सात वर्षं झाली. हॉलीरूडच्या, म्हणजे इथल्या स्कॉटिश पार्लमेंटच्या दारावरून बस जायची, तेवढाच त्या इमारतीशी संबंध. मार्च २०२५ मध्ये गुडघ्याने घरी बसवलं. मांडी घालायला बंदी होती, खुर्चीत बसायला नव्हती, म्हणून एका गुरुवारचं गॅलरीचं तिकीट काढलं. फुकट असतं, पण आधी नोंदवावं लागतं. विमानतळासारखी तपासणी झाली, मग कमानींचा बुटका काँक्रीटचा दिवाणखाना, जिना, आणि वर एकदम ओक लाकूड, काच आणि भरपूर उजेड. छताला लाकडी तुळयांचं जाळं आहे. २००६ मध्ये यातलीच एक तुळई निखळून लोंबकळायला लागली होती, नेमकी हुजूर पक्षाच्या बाकांवर, आणि सभागृह काही काळ बंद ठेवावं लागलं होतं. इमारतीचा पहिला अंदाज फार तर चार कोटी पौंडांचा, झाली ४१ कोटी ४० लाखांना. सरकारी बांधकाम म्हटलं की गाव कुठलंही असो.

दर गुरुवारी दुपारी बाराला इथे फर्स्ट मिनिस्टरला प्रश्न विचारतात. फर्स्ट मिनिस्टर म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखं पद. पाऊण तास चालतं. तेव्हा जॉन स्विनी होते. सभागृह लंडनसारखं समोरासमोर नाही, घोड्याच्या नालेसारखं आहे. प्रत्येकाला स्वतंत्र डेस्क, माइक आणि एक बटण. पुरवणी प्रश्न, म्हणजे उत्तरावरचा उपप्रश्न, विचारायचा असेल तर बटण दाबायचं, अध्यक्षांच्या पडद्यावर नाव उमटतं. 'अध्यक्ष महोदय, अध्यक्ष महोदय' करत उभं राहायची गरजच नाही. माझ्या शेजारी शाळेची सहल होती. एक मुलगी कागदावर रेघा मारून मोजत होती, कोण किती वेळा उत्तर टाळतो ते. तिचा कागद पंचवीस मिनिटांत भरला!

आता मुद्द्याचं. मला तो गुरुवारचा खेळ फारसा भावला नाही. विरोधी नेता आकडा फेकतो, फर्स्ट मिनिस्टर दुसरा आकडा फेकतो, दोन्ही बाजू डेस्क बडवतात. पण त्याच संसदेतला दुसरा प्रकार, लेखी प्रश्न, माझ्या स्वतःच्या कामी आला. पुढे लिहितो, आधी तुमचं ऐकू द्या. आपल्याकडचं कुणी आतून पाहिलंय का?

---

शंकासुर

लीथकर, लेख छान, पण मूळ शंका अशी की या स्कॉटलंडच्या विधानसभेला विचारायला आहे तरी काय? पैसा लंडनचा, फौज लंडनची, व्हिसा लंडनचा. ही म्हणजे मोठी जिल्हा परिषदच ना? आणि तमाशा तर सगळीकडे सारखाच. नागपूरच्या अधिवेशनात पायऱ्यांवर गळ्यात संत्र्याच्या माळा घालून उभं राहायचं नि आत जाऊन चहा प्यायचा.

---

लीथकर

शंकासुर, जिल्हा परिषद म्हणालात तर स्कॉटिश माणूस तुम्हाला अख्खा पब फिरवून समजावेल. :)

सप्टेंबर १९९७ मध्ये सार्वमत झालं, जवळपास ७४ टक्के लोकांनी हो म्हटलं. १९९८ चा कायदा, मे १९९९ ला निवडणूक, १ जुलै १९९९ पासून कारभार. त्या कायद्याची गंमत अशी की लंडनने स्वतःकडे काय ठेवलं त्याचीच यादी केली: परराष्ट्र, संरक्षण, स्थलांतर वगैरे. यादीत जे नाही ते सगळं एडिंबरोचं. आपल्याकडे उलट, उरलंसुरलं सगळं केंद्राचं. म्हणजे दवाखाना, शाळा, पोलीस, तुरुंग, रस्ते, फेरीबोटी, सगळ्याची उत्तरं इथेच द्यायची. औषधाची चिठ्ठी एप्रिल २०११ पासून फुकट, २२ वर्षांखालच्यांना जानेवारी २०२२ पासून बस फुकट, दारूच्या प्रति युनिट किमान किमतीचा कायदा, हे सगळं इथलं. इंग्लंडात चिठ्ठीचे पैसे पडतात.

त्यावरून लंडनमध्ये जुना वाद आहे. स्कॉटलंडचा खासदार इंग्लंडच्या शाळांवर मत देतो, पण स्वतःच्या मतदारसंघातल्या शाळेबद्दल त्याला तिथे काही ठरवता येत नाही. टॅम डॅलिएल नावाच्या खासदाराने १९७७ पासून हे लावून धरलं. त्याच्या मतदारसंघावरून त्याला 'वेस्ट लोदियन प्रश्न' म्हणतात. उत्तर अजून सापडलेलं नाही.

---

कुतूहल_ताई

तिथे आपली देसी मंडळी मोठ्या पदांवर आहेत ना? मागे कुठेतरी वाचलं होतं.

---

लीथकर

हो ताई. हमझा युसफ मार्च २०२३ ते मे २०२४ फर्स्ट मिनिस्टर होते. आमदारकीची शपथ त्यांनी उर्दूतही घेतली होती. समोर मजूर पक्षाचे अनस सरवर. दोघांची घराणी पाकिस्तानी पंजाबची, दोघे ग्लासगोच्या एकाच शाळेत शिकलेले. गुरुवारी बाराला एकमेकांवर तुटून पडायचे. भारतीय पासपोर्टवाल्यांनाही इथे मत देता येतं, आपण राष्ट्रकुलातले म्हणून. कित्येकांना हे ठाऊकच नसतं. नाव नोंदवा रे, इथे कुणी वाचत असेल तर.

---

कारकून_निवृत्त

मंत्रालयात अठ्ठावीस वर्षं काढली, कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो. खातं सांगत नाही, आता पेन्शन सुखाने चालू आहे. लीथकर, आपलं आतून पाहिलंय का विचारलंत म्हणून लिहितो.

अधिवेशन लागलं की आमच्या रजा बंद. विधानमंडळ सचिवालयाकडून प्रश्न यायचा, आम्ही तो आयुक्तालयाला, ते जिल्ह्याला, जिल्हा तालुक्याला. 'अत्यंत तातडीचे, विधानसभा तारांकित प्रश्न' असा लाल शिक्का. खालून बऱ्याचदा एकच शब्द परत यायचा: 'निरंक', म्हणजे काहीच नाही. मग रात्री नऊला फोन, 'अहो, निरंक कसं? पेपरात फोटो आलाय.'

प्रश्नाचा साचा सगळ्यांनी पाहिला असेल. (१) अमुक तालुक्यात तमुक झाले, हे खरे आहे काय? (२) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली? (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? ही साखळी आहे. पहिली कडी तुटली की सगळी सुटली. म्हणून आमचं सगळं कसब पहिल्या ओळीत. सदस्याने घटना १२ तारखेची लिहिली आणि प्रत्यक्षात ११ ची असली, की 'हे खरे नाही'. मग पुढच्या तिन्हींना 'प्रश्न उद्भवत नाही'. अगदीच लाज वाटली तर 'हे अंशतः खरे आहे'. 'अंशतः' या शब्दाने माझ्या नोकरीत जेवढी खाती वाचवली तेवढी कुठल्या वकिलाने वाचवली नसतील.

पण माणूस अडकायचा तो पुरवणीत. छापील उत्तर पटलावर गेलं की सदस्य उभा राहून विचारणार, मंत्र्याने तिथल्या तिथे बोलायचं. म्हणून आम्ही संभाव्य पुरवणी प्रश्नांची वेगळी टिपणी करायचो, वीस-वीस पानं. अधिकाऱ्यांच्या गॅलरीत बसून चिठ्ठ्या आत पाठवायच्या. तयार सदस्य कसा ओळखायचा सांगू? तो लांब बोलत नाही. 'मंत्री महोदय, कोणत्या तारखेला?' एवढंच विचारतो आणि खाली बसतो. त्या चार शब्दांनी आमची वीस पानं वाया जायची.

आणि अगदीच गळ्याशी आलं तर 'प्रश्न राखून ठेवावा' ही विनंती. राखून ठेवलेल्या प्रश्नांचं काय होतं ते विचारू नका.

---

शंकासुर

काका, __/\__ प्रतिसाद मूळ धाग्यापेक्षा भारी. 'अंशतः' फ्रेम करून लावतो.

---

ग्लासगोचा_पाऊस

इथे 'अंशतः' चालत नाही, इथे 'धडे घेतले जातील' चालतं.

फेरीबोटींचं प्रकरण कुणी लिहिलं नाही अजून? अ‍ॅरन बेटाची बोट. २०१५ मध्ये दोन बोटींचं कंत्राट दिलं, ९ कोटी ७० लाख पौंडांचं, क्लाइड नदीकाठच्या फर्ग्युसन गोदीला. २०१८ ला पाण्यात उतरून धावायला हव्या होत्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांच्या हस्ते पहिलीचं जलावतरण झालं, तेव्हा बोटीला खिडक्याच नव्हत्या, काळ्या रंगाने रंगवल्या होत्या! २०१९ मध्ये गोदीच सरकारने ताब्यात घेतली. पहिली बोट, ग्लेन सॅनॉक्स, प्रवासी घेऊन निघाली जानेवारी २०२५ मध्ये. तीही नेहमीच्या आर्ड्रोसन बंदरात मावत नाही म्हणून ट्रूनहून. दोन्ही बोटींचा खर्च ४० कोटी पौंडांच्या पार गेला.

या सात-आठ वर्षांत सभागृहात किती वेळा प्रश्न झाला असेल मोजता येणार नाही. दर वेळी नवी तारीख, नवा आकडा. पण खरा चिमटा बसला तो मार्च २०२२ मध्ये, ऑडिटर जनरलच्या अहवालाने. कंत्राटदाराकडून पूर्ण परतफेडीची हमी नसताना मंत्र्यांनी सही का केली, याचा पुरेसा कागदच सापडेना. प्रश्न विचारून विचारून घसा कोरडा झाला तरी कागद नसेल तर काय वाचून दाखवणार?

बेटावरच्या माणसाचं मात्र वेगळंच. अ‍ॅरनवर आमची एक ओळखीची बाई खानावळ चालवते. ती म्हणाली, 'मला कागद नको, शुक्रवारची बोट हवी.'

---

वैदेही_लगानकाठ

बेलफास्टहून बोलते. तुम्ही निदान प्रश्न विचारताय. आमच्याकडे प्रश्न विचारायची जागाच बंद असते.

स्टॉरमाँटची, म्हणजे उत्तर आयर्लंडची असेंब्ली जानेवारी २०१७ ते जानेवारी २०२० बंद. मग पुन्हा मे २०२२ ते फेब्रुवारी २०२४ बंद. ब्रिटनवादी आणि आयर्लंडवादी या दोन मुख्य गटांपैकी एक बाहेर पडला की सरकारच उभं राहत नाही, शांतता करारच तसा आहे. त्या काळात खाती अधिकारी चालवतात. नवं धोरण नाही, मंत्री नाही, उत्तर द्यायला कुणी नाही. माझी मुलगी त्या काळात प्राथमिक शाळेत होती. शाळेला गळती लागली तर मुख्याध्यापिका म्हणायच्या, 'पत्र कुणाच्या नावे लिहू?'

आणि २०१७ ला बंद पडली ती कशावरून? लाकडाच्या गोळ्यांवरून. पर्यावरणासाठी लाकडी इंधन वापरणाऱ्या व्यापाऱ्यांना अनुदान होतं. एक पौंडाचं इंधन जाळलं की साधारण एक पौंड साठ पेन्स परत मिळायचे. लोकांनी रिकामी गोठेघरं तापवली म्हणतात. अनुदानाला वरची मर्यादाच घातली नव्हती. ब्रिटनच्या बाकी भागातल्या योजनेत ती होती, आमच्या नकलेत गळली. चौकशी बसली, तेव्हा आमच्या सनदी सेवेच्या प्रमुखांनी साक्षीत कबूल केलं की मंत्र्यांसोबतच्या बैठकांची टिपणं ठेवायची पद्धतच सुटली होती, आणि त्यामागे माहितीच्या अधिकारात कागद बाहेर पडेल ही भीतीही होती.

कारकून काका, तुमचं 'निरंक' निदान कागदावर तरी होतं.

---

कारकून_निवृत्त

वैदेही, हे वाचून झोप उडाली. टिपणी नाही? आमच्याकडे कामात कितीही गोंधळ असो, नस्ती, म्हणजे फाईल, चालायची. हिरव्या कागदावर कोण काय म्हणाला ते सहीनिशी. साहेबाने तोंडी सांगितलं तर आम्ही 'मा. महोदयांच्या दूरध्वनीवरील निदेशानुसार' असं टिपून ठेवायचो. ती आमची कवचकुंडलं.

---

कार्डिफकर

वेल्सचं थोडक्यात. आमच्याकडे मंगळवारी दुपारी दीडला प्रश्न. सेनेडच्या, म्हणजे वेल्सच्या संसदेच्या गॅलरीत हेडफोन मिळतात, कारण सदस्य अधूनमधून वेल्श बोलतात. प्रश्न वेल्शमध्ये, उत्तर वेल्शमध्ये, कुणी भुवई उंचावत नाही. घरी वेल्श न बोलणारेही एखादा प्रश्न मुद्दाम वेल्शमध्ये विचारतात.

सप्टेंबर २०२३ मध्ये वस्तीतल्या रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा लागली. विरोधातल्या ऑनलाइन अर्जावर साधारण पावणेपाच लाख सह्या. वेल्सची लोकसंख्या ३१ लाखांच्या आसपास आहे हे लक्षात घ्या. चर्चा झाली, मंत्री बदलले, मर्यादा राहिली, काही रस्ते मात्र परत ३० वर गेले. मी स्वतः त्या मर्यादेच्या बाजूने आहे. शाळेसमोर राहतो. बायको विरोधात, तिला शहराच्या दुसऱ्या टोकाला कामाला जावं लागतं. आमच्या घरात रोजच प्रश्नोत्तराचा तास असतो.

---

शंकासुर

लीथकर, ते 'पुढे लिहितो' राहिलंच. गुडघ्याचं काय झालं?

---

लीथकर

लिहितो, जरा लांबेल.

ऑपरेशन छोटंच होतं, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. इथे २०११ चा कायदा आहे, रुग्णांच्या हक्कांचा. उपचार ठरल्यापासून १२ आठवड्यांत तो सुरू करायची हमी कायद्यातच लिहिलीय. मला पत्रही आलं, त्यात ती हमी ठळक अक्षरांत. बारा आठवडे गेले, वीस गेले, तीस गेले. फोन केला तर 'तुम्ही यादीत आहात'. मी कायदा उघडून वाचला. हमी आहे, पण पाळली नाही म्हणून भरपाईचा दावा लावता येत नाही, हेही त्याच कायद्यात! कारकून काका, हे तुमच्या 'अंशतः'चंच भावंड.

आता इथे एक सोय आहे, ती सांगतो. माझे आमदार एक नाही, आठ. १२९ पैकी ७३ जण थेट मतदारसंघातून, उरलेले ५६ यादीतून, आठ विभागांत प्रत्येकी सात. म्हणजे प्रत्येक माणसाला एक मतदारसंघाचा आणि सात विभागाचे. माझा मतदारसंघाचा आमदार सत्ताधारी पक्षाचा. त्याच्या कार्यालयाने सहानुभूतीचं पत्र पाठवलं. मग विभागातल्या विरोधी पक्षाच्या एका आमदाराला लिहिलं. तिच्या कार्यालयातल्या मुलाने फोनवर सरळ विचारलं, 'तुमचं ऑपरेशन लवकर व्हावं हे हवंय, की आकडा बाहेर यावा हे?' मी म्हटलं, दोन्ही. तो म्हणाला, पहिल्यासाठी रुग्णालय मंडळाला पत्र लिहू, दुसऱ्यासाठी लेखी प्रश्न टाकू.

लेखी प्रश्नाला कामकाजाचे १० दिवस, सुट्टीच्या काळात २०. क्रमांक पडतो, संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतो. आधी 'शक्य तितक्या लवकर उत्तर देऊ' असं बिनउत्तराचं उत्तर आलं. मग खरं. पहिला परिच्छेद: शस्त्रक्रियेचं नियोजन ही संबंधित मंडळाची बाब आहे. म्हणजे आमचा हात नाही. पण खाली तक्ता जोडला होता, किती माणसं किती आठवड्यांपासून थांबलीत त्याचा. माझ्यासारखी माणसं शेकड्याने होती. मला तोवर वाटायचं माझाच कागद कुठेतरी फायलीखाली गेला.

तो तक्ता घेऊन त्या बाईंनी सभागृहात एकच पुरवणी विचारली. 'कोणत्या तारखेपर्यंत?' काकांनी लिहिलेली तीच युक्ती. मंत्री तीन मिनिटं बोलले. तारीख नव्हती.

माझं ऑपरेशन झालं बेचाळिसाव्या आठवड्यात. प्रश्नामुळे झालं की रांग तिथपर्यंत आली म्हणून, देव जाणे. शल्यविशारद बाई चेन्नईच्या निघाल्या. गुडघा उत्तम आहे.

---

कुतूहल_ताई

म्हणजे प्रश्न विचारून काम झालंच असं नाही, तरी तुम्हाला बरं वाटलं?

---

लीथकर

ताई, बरं नाही, चीड आली. पण आधी स्वतःच्या नशिबाची यायची, आता तक्त्याची येते. फरक आहे.

---

मांडवीकाठ

गोव्याची भर घालतो. आमची विधानसभा चाळीस जणांची, त्यामुळे कोण किती विचारतो हे अख्ख्या राज्याला माहीत. आमच्याकडे 'एलएक्यू' (विधानसभेतला प्रश्न) हा शब्द मासळीबाजारातही चालतो. 'हांगा एलएक्यू घाला रे' असं रस्त्यावरच्या खड्ड्याकडे बोट दाखवून म्हणतात. उत्तरासोबत जोडपत्रं येतात, कुणाला कुठली जमीन, कुठला परवाना. पत्रकार आणि आंदोलनवाले सभागृहातलं भाषण ऐकत नाहीत, जोडपत्रं उपसतात. लीथकरांचा तक्ता वाचून तेच आठवलं. मंत्री उत्तरात जे लपवतो ते जोडपत्रात कारकून सांगून जातो.

---

कारकून_निवृत्त

मांडवीकाठ, हे गुपित फोडायचं नव्हतं. :) जोडपत्र आम्हीच करायचो आणि कधी कधी मुद्दाम पूर्ण करायचो.

लीथकर, फिजिओथेरपीची यादीही लांबलीय म्हणालात मागे दुसऱ्या धाग्यावर. त्यावर प्रश्न टाकायचा असेल तर मसुदा देतो, जुनी सवय:

(१) गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपीसाठी रुग्णांना अनेक आठवडे थांबावे लागत आहे, हे खरे आहे काय? (२) असल्यास, प्रत्येक मंडळनिहाय किती रुग्ण प्रतीक्षेत आहेत? (३) ही प्रतीक्षा कमी करण्यासाठी कोणती कार्यवाही केली व कोणत्या दिनांकास? (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

तारीख घातली तर तिथल्या मंत्र्याला पहिली ओळ चुकवता येईल, म्हणून घातलेली नाही.

---

लीथकर

काका, काल इंग्रजीत करून त्या कार्यालयात पाठवलं. मुलाचं उत्तर आलं. इथे प्रत्येक प्रश्न 'स्कॉटिश सरकारला विचारायचे की' अशाच शब्दांनी सुरू करावा लागतो, आणि एकाच वाक्यात बसवावा लागतो. त्यामुळे चार कलमं चालत नाहीत. पहिलं त्याने काढलं, म्हणाला, 'खरं आहे का' विचारलं तर 'नाही' म्हणतील. दुसरं ठेवलं. शेवटच्यावर म्हणाला, हे मला आवडलं, याचा वेगळा प्रश्न करतो.

तर 'विलंबाची कारणे काय आहेत' हॉलीरूडला गेलंय. दहा दिवस मोजतोय.

---

शंकासुर

उत्तर आलं की 'अंशतः' असेल तर धागा वर काढा. आणि ते गॅलरीचं तिकीट किती आधी काढायचं? जूनमध्ये येतोय.